चार पूर्णांक आठ

सोमवारी शिरोलीचे कारखाने बंद,
लक्ष्मीपुरीतलं शिकलगारांचं दुकानही बंद,
म्हणजे शटर अर्धं खाली.
वाकून आत जायचं. आत रोझिनचा धूर,
आणि पोट उघडून ठेवलेले अ‍ॅम्प्लिफायर,
गेल्या गणपतीपासून कुणी न्यायला न आलेले.

बाकी सहा दिवस माझ्या हातात गेज असतं.
एक टोक गो, दुसरं नो-गो.
पहिलं भोकात शिरलं, माल पास.
दुसरंही शिरलं, भंगार.
अकरा वर्षं हेच. मधलं काही नसतं.

म्हणून ट्रान्झिस्टरही मला आधी तसाच कळला.
दिवा लागला. दिवा विझला.
मी म्हटलं, आलं की मला!
लियाकतचाचांनी चष्मा कपाळावर सारला,
"ह्ये बटण झालं गं, त्रिशला.
आवाज पायजे तर त्याला मधे उभा कराय लागतंय."

मधे.
घरी जाताना बसमध्ये हाच शब्द घोळत होता.

पुढच्या सोमवारी एकच रेझिस्टर लावला,
बेसला पंधरा लाख ओहम. जमलं.
त्याच पट्टीतला दुसरा ट्रान्झिस्टर खोचला
आणि कलेक्टर तळाला जाऊन बसला.
नंबर तोच, पाकीट तेच,
एकाचा बीटा दोनशे, शेजारच्याचा चारशे.
माझ्या टेबलावर असता तर सगळा लॉट परत.
चाचा म्हणाले, "बीटा म्हंजे भरवशाची म्हैस.
टोणगा हुईल ह्ये धरूनच गोठा बांधायचा."

मग एमिटरखाली हजार ओहम.
प्रवाह वाढला की एमिटर वर सरकतो,
बेसशी अंतर घटतं, प्रवाह आपणच ओसरतो;
पोट भरल्यावर ज्याचं त्यानं
ताट मागं सारावं तसं.

हिशेब मांडला नापास मालाच्या तक्त्यामागे.
बॅटरी नऊची.
कलेक्टर साधारण निम्म्यावर,
वर जायला जागा, खाली यायला जागा.
प्रवाह एक मिलिअँपिअर, तो आपण ठरवायचा.
ठरवायचा!
आजवर ड्रॉइंग दुसऱ्याचं, मी नुसती मोजणारी.
पेन थोडा वेळ हातातच राहिलं.
मग लिहिलं: कलेक्टरला चार हजार सातशे,
बेसच्या वर सत्तेचाळीस हजार, खाली दहा.

बॅटरी लावली. कलेक्टरवर पुरते नऊ.
प्रवाहाचा पत्ता नाही.
वीस मिनिटं शोधलं. बेसचा पाय
एक भोक शेजारी.
अकरा वर्षं भोकं तपासणारी मी!
चाचा काही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार.

पुन्हा मीटर टेकवला.
चार पूर्णांक आठ.
"चाचा, निम्म्यापेक्षा जास्त आलं."
"रेझिस्टरवरचा सोनेरी पट्टा बघ की.
पाच टक्के माफी लिहूनच येतंय त्ये."

ते चहा सांगायला बाहेर गेले.
मी कलेक्टरची तार, मधे एक कपॅसिटर घालून,
त्या बेवारस अ‍ॅम्प्लिफायरला दिली.
माइक अजून जोडायचा होता.
बेसकडच्या मोकळ्या तारेला चुकून बोट लागलं
आणि स्पीकर घुमला,
सेकंदाला पन्नास हेलकावे,
भिंतीतली वीज माझ्या अंगावरून
माझ्याच मांडणीत शिरलेली.

बोट काढलं, गप्प.
ठेवलं, घुमला.
मग अगदी हलकं टेकवलं,
नखाच्या कडेनं,
तेव्हा तोही हलकाच बोलला.
जरा दाबलं, जरा मोठ्यानं.
चहा येऊन थंड झाला तरी मी तेच करत होते.

मंगळवारी केएमटीत सुट्टे शोधताना
पर्समधून एक रेझिस्टर हाताला लागला,
पिवळा, जांभळा, तांबडा, सोनेरी.
कंडक्टरच्या हातावर ठेवता ठेवता राहिले.